नैरोबीमार्गे जिराफ

प्रताप धारपांच्या रजेच्या अर्जावर त्यांच्या साहेबानं ‘इन्शाल्ला, इन्शाल्ला’ म्हणत अखेर सही केली, तोवर दोहाहून मुंबईला जाणारी सगळी सरळ विमानं भरून गेली होती. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळं आखात एका दमात गावाला निघतं. धारपांना कतारमध्ये वीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना हे ठाऊक होतं. साहेबाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण साहेब सुट्टीत घरीच झोपत असे.

दोह्याच्या नजमा भागातल्या ट्रॅव्हल एजंटानं बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून सांगितलं, “सर, एक ही रूट बचा है. वाया नैरोबी. सुबह पहुँचेगा, शाम को निकलेगा. पूरा दिन उधर बैठना पड़ेगा.”

नाशिकला जायला आधी आफ्रिकेत जायचं, म्हणजे नाशिकरोडहून पंचवटीला निघून वाटेत नागपूरला जाऊन येण्यासारखं होतं. धारप तोंड पाडून मुऐदरला घरी आले आणि ही बातमी एखाद्या निधनाच्या बातमीसारखी हळूहळू सांगायला लागले. पण ‘नैरोबी’ हा शब्द ऐकताच सुचित्रानं हातातली भेंडी खाली ठेवली.

सुचित्रा इथल्या भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवायची. जिराफाची मान लांब कशी झाली, हे ती दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगायची. खरा जिराफ तिनं जन्मात एकदाच पाहिला होता, प्राणिसंग्रहालयात, आणि तो सारा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“अहो, नैरोबीत शहराला लागूनच अभयारण्य आहे,” ती म्हणाली. “जिराफ मोकळे फिरतात. मला एक जिराफ चालताना बघायचाय. पळाला नाही तरी चालेल.”

वीस वर्षांत सुचित्रानं स्वतःसाठी असं काही मागितल्याचं धारपांना आठवेना. फ्रिज मागितला होता, पण तो घरासाठी होता. एसीची दुरुस्ती मागितली होती, ती मुलीसाठी. धारपांना एकदम भरून आलं आणि ते म्हणाले, “एवढंच ना? दाखवतो. माझा शब्द.”

इथे धारप गप्प बसले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण नाइलाजानं काढलेलं तिकीट हौसेनं काढलंय असं दाखवण्याचा मोह मध्यमवर्गीय माणसाला आवरत नाही. त्यांनी रात्री मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ‘जाता जाता एक दिवस केनिया करतोय. सौ.ला जिराफ दाखवायचाय.’ खाली दुर्बिणीचं चित्रही टाकलं. नुपूर, म्हणजे त्यांची अकरावीतली मुलगी, ते वाचून म्हणाली, “बाबा, इट्स अ लेओव्हर. नॉट अ सफारी.” पण ती इंग्रजीत बोलली की धारप तिचं बोलणं सल्ला म्हणून धरत नसत.

ऑफिसातला विजय केनियात एकदा तीन दिवस राहून आला होता, आणि तेव्हापासून आफ्रिका खंडाचा कारभार त्याच्याकडेच असल्यासारखा बोलत असे. त्यानं बजावलं की निळा रंग चालणार नाही, निळ्यावर तिथली माशी येते. धारपांच्या सगळ्या पँटी निळ्या होत्या. ते खाकी पँट घेऊन आले. ती घालून आरशासमोर उभे राहिल्यावर ते शिकाऱ्यासारखे न दिसता पोस्टमनसारखे दिसत होते. हे नुपूरनं मराठीत सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

आणि मग शेजारचा रहमान आला. धारप नाशिकला पत्ता सांगताना ‘व्हिला’ म्हणत, पण मालकानं मध्ये भिंती घालून त्या व्हिलाचे सहा संसार केले होते. त्यातला पुढचा संसार रहमानचा. मूळ रत्नागिरीकडचा, इथे टायरचं दुकान. मनानं इतका मोठा की त्याला नाही म्हणायचं कसं, हे सहाही संसारांत कुणाला जमलं नव्हतं.

“प्रतापसाहेब, नैरोबीत तुमी टॅक्सी करणार? मग मी कशाला हाय?” तो म्हणाला. “माजा मेव्हणा जैद हाय ना तिथं. गाडी घेऊन येल. तुमी फकस्त हात हलवत जायाचं.”

दुसऱ्या दिवशी त्याच रहमाननं धारपांचे हलवायचे दोन्ही हात भरले. जैदच्या आईसाठी अबाया, खजुराचे डबे, अत्तर आणि रहमानच्या बायकोनं, मुनीराभाभीनं, स्वतः केलेली आंबोशी. “जास्त नाय, थोडासाच हाय,” असं म्हणत त्यानं ते दोघांनी उचलावं असं बोचकं ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आखातातल्या मराठी माणसांत जात वेगळी, धर्म वेगळा, पक्ष वेगळा, पण एक कायदा सगळ्यांना सारखा आहे. गावाला जाणाऱ्यानं दुसऱ्याचं पार्सल न्यायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूसही शेजाऱ्याच्या भावाचं पार्सल तळहातावर जपत नेतो. पार्सल हरवलं असं सांगणाऱ्याशी लोक नमस्कारापुरते बोलतात, आणि ते दाबलं असा नुसता संशय आला तरी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला कुणी येत नाही. धारपांनी आजवर कितीतरी पार्सलं बिनबोभाट पोचवली होती आणि त्याचा त्यांना डिग्रीपेक्षा जास्त अभिमान होता.

ग्रुपवर बातमी गेलेलीच होती. मंडळातल्या अनुजाची वहिनी नैरोबीत बाळंत झाली होती, तिच्यासाठी डिंकाचे लाडू आले. कुणाच्या तरी काकांना प्रेशर कुकरची रिंग हवी होती, ती तिथे म्हणे मिळतच नाही. कुणी मेतकूट दिलं, कुणी मिक्सरचं भांडं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. जिराफासाठी घेतलेली मोठी बॅग जिराफ सोडून बाकी सगळ्यांसाठी भरली. रहमाननं तोडगा काढला, की सगळी पार्सलं जैदच्या घरी ठेवायची, ज्याचं त्यानं येऊन न्यावं. “धा मिनटांचं काम,” तो म्हणाला, “मग यल्ला, जिराफ.”

मधल्या काळात केनियाच्या ऑनलाइन प्रवेश-परवान्याच्या साइटनं धारपांचा फोटो परत पाठवला. मागची भिंत पांढरी हवी होती, आणि भिंत कुठे संपते नि धारपांचं टक्कल कुठे सुरू होतं हे कॉम्प्युटरला कळेना. शेवटी सुचित्रानं त्यांच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली, तेव्हा सरकारची खात्री पटली. धारपांनी हा अपमान जिराफाकडे बघून गिळला.

पण खरं घोडं अडलं ते सुईवर. तिकडून भारतात येणाऱ्याला पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं. कार्ड नसेल तर मुंबईत सरळ विलगीकरणात नेऊन ठेवतात. सुचित्रा आणि नुपूर लगेच जाऊन लस घेऊन आल्या. धारप गॅस प्लांटच्या उंच मनोऱ्यावर वाऱ्यात उभे राहून गेज वाचत, पण सुई दिसली की त्यांना लहानपणीचं सगळं आठवे. एकदा मीटिंग निघाली, एकदा डोकं दुखलं, एकदा कुकरची रिंग आणायला थेट लांबच्या बरवा अल बराहा वस्तीपर्यंत जावं लागलं. सुचित्रानं विचारलं की ते ‘होतंय, होतंय’ म्हणत.

अखेर एका दुपारी त्यांनी डोळे मिटून दंड पुढे केला. सिस्टरनं लस टोचली, कार्डावर शिक्का मारला आणि हे कार्ड दहा दिवसांनी लागू होईल असं सांगितलं. धारपांनी बोटांवर मोजलं. विमान नवव्या दिवशी होतं.

“सिस्टर, तारीख थोडी पीछे डाल दो ना,” ते म्हणाले. आयुष्यात कधी कॉपी न केलेल्या माणसाच्या तोंडून हे निघालं. सिस्टरनं त्यांच्याकडे न बघता पुढचा नंबर पुकारला.

म्हणजे नैरोबीत धारपांना विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकता येणार नव्हतं. आत बसून राहिलेल्याला कार्ड लागत नाही, एवढीच काय ती सवलत होती. हे सुचित्राला योग्य वेळ बघून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. अशा गोष्टीला योग्य वेळ कधीच नसते. त्यांनी ते सांगितलं तेव्हा ते तिघं नैरोबीच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभे होते आणि पुढे फक्त एक म्हातारं जोडपं उरलं होतं. धारपांच्या अंगात खाकी पँट होती.

सुचित्रा ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. “बॅगेची पावती द्या,” ती म्हणाली. “लोकांचं सामान आहे. आधी ते पोचवू, मग बघू.”

“आधी जिराफ बघ गं,” धारप काकुळतीनं म्हणाले. “पार्सलं बाजूला राहू देत.”

“लोक वाट बघत असतील,” ती म्हणाली, आणि नुपूरला घेऊन पलीकडे गेली.

धारप ट्रान्झिटमध्ये एका खांबाजवळ जागा धरून बसले. नुपूरनं फोटो पाठवायचं कबूल केलं होतं. पहिला फोटो आला तो चहाचा, सोबत खारी, केक आणि सामोसे. दुसऱ्यात जैदची आई ताहेरुन्निसा खाला नवी अबाया घालून सुचित्राला पोटाशी धरून उभ्या होत्या. तिसऱ्यात डिंकाचे लाडू न्यायला आलेलं कुटुंब, चौथ्यात रिंग न्यायला आलेले काका. सगळ्यांच्या मधोमध सोफ्यावर सुचित्रा बशी धरून बसली होती. धारप फोटो मोठे करकरून मागे कुठे जिराफ दिसतो का बघत होते.

दुपारी त्यांनी न राहवून फोन लावला. सुचित्रा कुजबुजत बोलली. “खाला म्हणतात, घरात आलेली लेक जेवल्याशिवाय कशी जाईल. सकाळपासून त्या मासे नि भात रांधतायत. काय म्हणू मी त्यांना? आणि हे काका उठतच नाहीत, त्यांना दोह्याचं सगळं ऐकायचंय.”

“आणि जैद?”

“जैद म्हणतोय, जिराफ कुठं पळतोय.”

आधी पोटोबा मग विठोबा हे खरं, पण पोटोबा इतका वेळ चालला की विठोबाचं देऊळ बंद व्हायची वेळ झाली. ते निघाले तेव्हा रस्ते तुंबले होते. पुढचा फोटो आला तो ट्रॅफिकचा. त्यानंतर बराच वेळ काही नाही. आणि मग एकदम एक फोटो आला, त्यात लांब मान होती, त्यावर ठिपके होते, वर दोन छोटी शिंगं. धारप खुर्चीतून उठून उभे राहिले. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी तो फोटो दाखवलाही. मग नीट बघितलं तर जिराफाच्या मागे गाडीची सीट होती.

जिराफ लाकडाचा होता, कमरेइतका उंच. जैदनं तो विमानतळाच्या दारात सुचित्राच्या हाती दिला होता आणि सांगितलं होतं, “रहमानला द्या. त्याचं पार्सल हाय.” अभयारण्याचं फाटक तिला गाडीतून दिसलं होतं, पण ते तेव्हा बंद होत होतं.

विमानात तो जिराफ वरच्या कप्प्यात मावेना. सुचित्रानं तो मांडीवर घेतला आणि मुंबईपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून ती खिडकीकडे बघत बसली. धारपांनी तो हात पाहिला. खिडकीबाहेर काळोख होता.

मुंबईत आरोग्य तपासणीच्या टेबलाशी आले तेव्हा जिराफ धारपांच्या काखेत होता, कारण जड सामान नवऱ्यानं घ्यायचं असतं. तिथल्या साहेबानं कार्ड पाहिलं, तारीख पाहिली, आणि मग जिराफाकडे बघितलं.

“काका, तुम्ही म्हणता विमानतळाबाहेर पडलोच नाही. मग हा काय लाउंजमध्ये चरत होता?”

“तो माझ्या मिसेसनी आणला.”

“म्हणजे मॅडम बाहेर फिरल्या आणि तुम्ही आत बसून राहिलात?”

मागे सगळी रांग उभी होती. “हो,” धारप म्हणाले. पासपोर्ट उलटसुलट बघून, त्यावर शिक्का नाही याची खात्री करून साहेबानं त्यांना सोडलं. तो माणूस वाईट नव्हता. सुचित्राचं कार्ड परत देताना त्यानं सहज विचारलं, “मग मॅडम, काय काय पाहिलंत?”

“काही नाही,” सुचित्रा म्हणाली. “जेवले.” आणि दिवसभर धरून ठेवलेलं रडू तिला तिथे, त्या टेबलापाशी आलं. नुपूरनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. धारपांना वाटलं, आपल्याला आत्ताच्या आत्ता विलगीकरणात नेऊन ठेवलं तर फार बरं होईल.

त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवलं. हा जिराफ रहमानला द्यायचा नाही. माणसाला आपल्या बायकोला जिवंत जिराफ दाखवता येत नसेल, तर निदान लाकडाचा तरी तिच्याकडेच राहायला हवा. वीस वर्षांत एकही पार्सल न बुडवलेले प्रताप धारप पार्सल बुडवायला निघाले.

सुट्टी संपवून ते परत आले. सुचित्रा नि नुपूर पुढे आत गेल्या आणि धारपांना रहमान दारातच भेटला. “कस्टमवाल्यांनी ठेवून घेतला हो,” धारपांनी आधीच घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं. रहमानचा चेहरा इतका उतरला की धारपांना वाटलं आत्ताच कबूल करावं. पण तोवर रहमान म्हणाला, “जाव दे, तुमी सुखरूप आलाव ना,” आणि बॅगा आत न्यायला हात लावला. त्यातल्याच एका लांब बॅगेत जिराफ होता. ती रहमाननंच उचलली.

रात्री धारपांनी तो बाहेर काढून सुचित्रासमोर उभा केला. तिनं आधी जिराफाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

“हा रहमानभाईंचा आहे.”

“होता,” धारप म्हणाले. “आता तुझा. मी सांगितलंय त्यांना, कस्टममध्ये गेला म्हणून.”

“मला चालणारा बघायचा होता हो,” सुचित्रा म्हणाली. “लाकडाचा मी मागितला नव्हता. आणि चोरीचा तर मुळीच नको. उद्या परत देऊन या.”

“आता कसा देऊ? कस्टमनं परत पाठवला म्हणू?”

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तशी गत झाली. जिराफ ठेवता येईना, देता येईना. तो बेडरूममध्ये उभा राहिला की सुचित्रा त्याच्याकडे पाठ करून झोपायची. बाहेर बेल वाजली की धारप पळत जाऊन त्याला पलंगाखाली आडवा घालत. रहमान तर दिवसाआड येई. एकदा साखर मागायला आला, एकदा फणसपोळी द्यायला, आणि फणसपोळी धारपांच्या घशाखाली उतरेना. नुपूर म्हणाली, “धिस इज किडनॅपिंग.” या खेपेला तिचं इंग्रजी धारपांना सल्ल्यासारखं वाटलं.

एका शुक्रवारी नमाजानंतर रहमान आला आणि नेहमीसारखा टेकला नाही, नीट सोफ्यावर बसला. सुचित्रा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. जिराफ पलंगाखाली होता, पण त्याचे पाय बाहेर राहिले की काय, अशी धारपांना शंका होती.

“प्रतापसाहेब, मनात हाय ते बोलतंय,” रहमान म्हणाला. “तो जिराफ माजा नव्हताच.”

“म्हणजे?”

“वैनींसाठी मागवलेला. तुमी ग्रुपवर लिवला होता ना, वैनींना जिराफ बघायचा हाय म्हणून. मी जैदला बोललो, एका दिवसात बघून होईल नाय होईल, तू एक चांगला बनवून ठेव. पण त्यांच्या नावानं देव नको, त्या घ्यायच्या नायत, लाजतील. माजा पार्सल म्हणून पाठव. हितं मी आणि मुनीरा दोघं येऊन त्यांच्या हाती देणार होतो.” त्यानं सुस्कारा सोडला. “वैनींच्या नशिबात नव्हता. खलास.”

धारपांनी बायकोची भेट बायकोसाठी चोरली होती आणि ज्यानं ती दिली त्यालाच फसवलं होतं. इतकं सरळ नुकसान करायला माणसाला बरीच हुशारी लागते.

“पण एक सांगतंय,” रहमान मान हलवत म्हणाला, “ज्या कुणी मेल्यानं तो ठेवून घेतलान, त्याला तो पचायचा नाय.”

सुचित्रा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, रहमानचा कप त्याच्यासमोर सरकवला आणि म्हणाली, “घ्या रहमानभाई. मी आलेच.” धारपांकडे तिनं बघितलं नाही. ती आत गेली, आणि आतून पलंग सरकवल्याचा आवाज आला.

“वैनी एकट्या काय वढतायत?” रहमान कप ठेवून उठायला लागला. “मी हात लावतंय.”

धारपांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“बसा, रहमानभाई,” ते म्हणाले. “ती घेऊन येतेय.”